भीमथडीच्या शाळा आणि त्यांची तपासणी

दौंड तालुक्यातले राहू हे गाव भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांमधल्या टापूत आहे. या टापूला राहू बेट म्हणतात. वाळकीपाशी दोन्ही नद्या मिळतात आणि भीमेपलीकडे शिरूर तालुका सुरू होतो. आज इथे ऊस आणि गुऱ्हाळे आहेत. एकोणिसाव्या शतकात मात्र हा भीमथडीचा मुलूख बेभरवशाच्या पावसावर आणि सावकाराच्या कर्जावर चालत असे.

12 मे 1875 रोजी याच मुलखातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. दंग्याचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात कर्जरोखा गावच्या निबंधकासमोर लिहून शेतकऱ्याला समजावून सांगण्याची तरतूद होती. अंगठा उठवणाऱ्याला कागद वाचता येत नाही, हे सरकारने गृहीतच धरले होते. त्याला वाचायला शिकवण्याचे काम ज्या शाळेचे, ती तोवर या भागात बाल्यावस्थेतच होती.

तशा ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीआधीही गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षरे, मग मोडी, उजळणी, पाढे, सवायकी-दिडकी असा त्यांचा क्रम असे. बहुतेक मुले कुलकर्ण्यांची, व्यापाऱ्यांची. कुणब्याचे पोर क्वचितच दिसे. या गावठी शाळा मोडण्याऐवजी त्याच सुधाराव्यात, असा एक प्रयोग शेजारच्या पुरंदर तालुक्यात 1836 च्या सुमारास शॉर्ट्रीड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केला. थोड्या पगाराचे स्थानिक शिक्षक, गावाला उपयोगी पडेल एवढाच अभ्यासक्रम आणि शाळाशाळांतून फिरून देखरेख करणारा एक देशी अधिकारी, अशी ती साधी योजना होती. एका तालुक्यातल्या सगळ्या शाळा मिळून सुधारायच्या, ही कल्पना पुणे जिल्ह्यात इतकी जुनी आहे.

1855 साली शिक्षण खाते स्थापन झाले आणि देखरेखीचे रूपांतर तपासणीत झाले. पैशाची सोय लोकल फंडातून झाली. 1860 च्या दशकापासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घेतला जाई आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाचा असे. म्हणजे शाळेचा खर्च कुणबी भरत होता, शाळेत मात्र त्याचा मुलगा नव्हता. जोतीराव फुले यांनी 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनाचा गाभा हाच आहे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, मास्तरांना किमान 12 रुपये पगार असावा, मोडी आणि बाळबोध वाचनाबरोबर हिशेब व शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, या मागण्या नेहमी सांगितल्या जातात. तपासणीविषयी ते जे बोलले ते तेवढेच नेमके असूनही कमी आठवले जाते. डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातल्या एका फेरीचा उपयोग होत नाही, तीन महिन्यांतून निदान एकदा तरी शाळा पाहिली पाहिजे आणि न कळवता पाहिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच आयोगापुढे त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षक आणि स्त्री-तपासनीस नेमण्याची मागणी केली. पुढे 1898 च्या सुमारास राहूपासून जवळच केडगावला त्यांचे मुक्ती सदन उभे राहिले.

खात्याने तपासणीचा जो मार्ग त्या काळात पत्करला होता, तो वेगळाच होता. तपासनीस परीक्षा घेई आणि पास झालेल्या मुलांच्या हिशेबाने अनुदानित शाळांना पैसे मिळत. आकड्यावर पोट अवलंबून असले की शिकवण्याचे काय होते, हे इथे लवकर कळले. हुशार मुलांची घोकंपट्टी करून घ्यायची आणि कच्च्यांना मागे ठेवायचे, असे चाले. 1904 च्या सरकारी ठरावाने ही पद्धत रद्द केली, तरी तिची सवय गेली नाही. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या, व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेच्या निकालावर शाळेची आणि मास्तरांची प्रतिष्ठा ठरतच राहिली.

1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला. ‘बोर्डाची शाळा’ हा शब्द त्या काळातला. 1929 साली हार्टॉग समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्राथमिक शिक्षणाचा हिशेब मांडला. 1922-23 साली पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम 18 जण 1925-26 मध्ये चौथीपर्यंत पोचले होते. पटावर नाव आहे आणि मूल शिकते आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे प्रथमच पुढे आले.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डाची शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. पुढची तीसेक वर्षे इमारती, शिक्षकांच्या नेमणुका आणि पट वाढवणे यांतच गेली. 1987 च्या खडू-फळा मोहिमेचे उद्दिष्टसुद्धा दोन खोल्या, दोन शिक्षक आणि किमान साहित्य एवढेच होते. कोठारी आयोगाने जवळच्या शाळांचा गट करून त्यांना एकमेकींच्या मदतीने सुधारू द्यावे, असे 1966 सालीच सुचवले होते. महाराष्ट्रात ते 1990 च्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख या रूपाने आले. गटशिक्षणाधिकारी आणि विस्तार अधिकारी यांच्या खाली, केंद्रप्रमुख हा शाळेच्या सर्वांत जवळचा दुवा. त्याने शिक्षकांबरोबर बसून अध्यापनाच्या अडचणी सोडवाव्यात अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ माहितीचे तक्ते गोळा करण्यातच जातो.

शिकण्याचे मोजमाप पुन्हा ऐरणीवर आले ते 2005 पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालांमुळे. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का, एवढा साधा प्रश्न घेऊन तपासणारे घरोघर गेले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयाने प्रत्येक मुलाची पायाभूत चाचणी आणली. त्यामागे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या, ज्ञानरचनावादी शाळांचे उदाहरण होते. हजारो शिक्षकांनी त्या शाळा पाहिल्या. फरशीवर आखलेल्या तक्त्यांची नक्कल सर्वत्र झाली, त्यामागचा विचार मात्र कमी ठिकाणी पोचला. शिरूर तालुक्यात वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने गावाच्या मदतीने नाव मिळवले आणि आसपासच्या गावांना झेडपीच्या शाळेकडे नव्या नजरेने पाहायला लावले.

राहू बेटासारख्या उसाच्या भागात एक अडचण कोणत्याच चाचणीत नीट बसत नाही. गुऱ्हाळांवर आणि ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामापुरती इथे असतात. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने त्यांना वयाप्रमाणे वर्गात आणि वर्षाच्या मध्येही प्रवेशाचा हक्क दिला. गाव सोडताना सोबत न्यायला शिक्षण हमी पत्रक आले. पण अशा मुलाचे नाव एका शाळेच्या पटावर असते, ते बसते दुसऱ्या शाळेत, आणि चाचणीच्या दिवशी ते यांपैकी कोणत्या शाळेच्या हिशेबात धरायचे, हे मुख्याध्यापकांना हंगामागून हंगाम ठरवावे लागते.