इलेक्ट्रिक दुचाकी घ्यायची की नाही? आधी किलोमीटरचा ताळेबंद मांडा. हिवरे बाजार ते नगर फेरीचा पूर्ण हिशेब

हिवरे बाजार (ता. नगर, जि. अहिल्यानगर) : पेट्रोलचा भाव शंभरीच्या वर गेल्यापासून गावोगावच्या पारावर एकच चर्चा आहे. बॅटरीवरची गाडी घ्यावी का? एकजण म्हणतो पेट्रोलचा खर्च वाचतो, दुसरा म्हणतो बॅटरी गेली की गाडी भंगारात. तिसऱ्याला वाटतं, कर्ज काढायचंच तर चारचाकीच का घेऊ नये? या तिघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती इथे एकत्र दिली आहे.

हिवरे बाजारची रीत इथेही चालते

हिवरे बाजार हे नगर शहरापासून साधारण १७ किलोमीटरवरचं, पर्जन्यछायेतलं गाव. वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि त्यानंतर श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाणलोटाची कामं यातून गाव उभं राहिलं. या कामासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण गावाची खरी ओळख म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला हे मोजायचं, प्यायला आणि जनावरांना किती लागणार ते बाजूला काढायचं आणि उरलेल्या पाण्यावर पिकं ठरवायची. उसासारखं पाणी पिणारं पीक नको, शेतीसाठी बोअर नको, हा नियम त्यातूनच आला.

गाडीचंही तसंच आहे. शेजाऱ्यानं घेतली म्हणून घ्यायची नसते. आधी आपल्या घराची रोजची धाव किती, वजन किती न्यायचं, घरी वीज किती वेळ असते, हे मांडायचं. मग गाडी ठरवायची. हा हिशेब न करता घेतलेली इलेक्ट्रिक दुचाकी कुणाला फायद्याची ठरते, तर कुणाच्या गळ्यात पडते.

हिशेब पहिला : रोज नगरला जाणारा

समजा घरातला एकजण कामाला रोज नगरला जातो. जाऊन-येऊन ३४ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ८८४ किलोमीटर.

- पेट्रोलची मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देते असं धरलं, तर साधारण १७.७ लिटर लागतं. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला सुमारे १,८४० रुपये.
- इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला साडेतीन युनिट धरा. महिन्याला ३१ युनिट होतात. वापर वाढल्यानं बिल वरच्या टप्प्यात गेलं असं समजून युनिटला १२ रुपये धरले, तरी ३७२ रुपये.

महिन्याला सुमारे १,४६५ रुपये वाचतात. वर्षाला साडेसतरा हजार. ऑइल बदलणं, प्लग, क्लच हा खर्चही नाही. अशा घराला गाडी परवडते.

हिशेब दुसरा : घर ते शेत

आता दुसरं घर घ्या. गाडी फक्त रानात, दूध डेअरीला आणि कधीतरी बाजारला. महिन्याला २०० किलोमीटर.

- पेट्रोल ४ लिटर, म्हणजे ४१६ रुपये.
- वीज ७ युनिट, म्हणजे ८४ रुपये.

वाचतात ३३२ रुपये. वर्षाला चार हजार. जुनी मोटारसायकल चांगली चालत असताना ती विकून, कर्ज काढून नवी इलेक्ट्रिक घेतली, तर ही बचत व्याजातच जाते. अशा घरानं जुनी गाडी मोडेपर्यंत थांबलेलं बरं.

आपला स्वतःचा आकडा काढायला एक महिना पुरतो. पहिल्या तारखेला मीटरवरचं रीडिंग लिहून ठेवा, शेवटच्या तारखेला परत बघा. विजेचा दर आपल्या महावितरणच्या बिलावर टप्प्यानुसार छापलेला असतो, तो घ्या.

कोणत्या गाडीला लायसन लागतं?

१. इलेक्ट्रिक सायकल : पायडल मारायचे, मोटर मदत करते. घर ते शिवार, शाळा यासाठी पुरते.

२. कमी वेगाची स्कूटर : मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर तिला नोंदणी आणि लायसन लागत नाही. पण काही ठिकाणी अशाच गाडीचा वेग वाढवून देतात. तशी गाडी कायद्यानं विनानोंदणीची ठरते. अपघात झाला तर विम्याचा आधार नाही आणि सगळी भरपाई स्वतःच्या खिशातून. असा सौदा करू नये.

३. नोंदणीची स्कूटर किंवा मोपेड : हिरव्या पाटीवर पांढरे आकडे. लायसन, विमा, हेल्मेट सगळं पेट्रोल गाडीसारखंच लागतं.

लूनाच्या जिल्ह्यात बॅटरीवरची लूना

नगरकरांना मोपेड नवीन नाही. १९७२ साली आलेली कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आपल्याच नगरच्या कारखान्याशी जोडलेली. मास्तर, पोस्टमन, दूधवाले यांची ती गाडी. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीच लूना बॅटरीवर आली. कायनेटिक ग्रीन कंपनीची ई-लूना आपल्याच जिल्ह्यात तयार होते. सुरुवातीची किंमत सुमारे ७० हजार, बॅटरी २ किलोवॉट-तास, एका चार्जमध्ये कंपनीच्या सांगण्यानुसार ११० किलोमीटर, आणि वजन वाहण्याची क्षमता १५० किलो.

आता दूधवाल्यांनी हा १५० चा आकडा नीट बघावा. ४० लिटर दूध म्हणजे ४१ किलो. दोन भरलेले कॅन म्हणजे ८२ किलो, चालवणारा ६५ किलोचा, झाले १४७. रिकाम्या कॅनचं वजन अजून धरलेलंच नाही. म्हणजे दोन भरलेले कॅन घेतले की गाडी क्षमतेच्या बाहेर जाते. एक कॅन आणि थोडं पशुखाद्य आरामात जातं. मोटारसायकलवर आपण सवयीनं जास्त लादतो. बॅटरीच्या गाडीवर तसं लादलं तर चढाला मोटर तापते आणि किलोमीटर झपाट्यानं कमी होतात.

कंपनी सांगते ते किलोमीटर चाचणीतले असतात. खडी उखडलेला रस्ता, चढ, मागे माणूस, यात पाऊण भागाच्या आसपास मिळतील असं धरून चालावं. ११० चे ८०. नगरची एक फेरी त्यात आरामात बसते, दोन फेऱ्या जेमतेम.

चार्जिंग : गावठाण आणि वस्तीचा फरक

शहरातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, पण आपल्याकडे तोच मोठा आहे. गावठाणाच्या फीडरवर घर असेल तर रात्री गाडी लावली, सकाळी भरली. वस्तीवर शेतीच्या फीडरची लाइन असेल तर थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. बाकी वेळ सिंगल फेज मिळाली तर मिळाली, दाब कमी असला तर चार्जर बंद पडतो. वस्तीवर राहणाऱ्यांनी गाडी घेण्याआधी आठ दिवस घरातली वीज किती वाजता येते, किती वाजता जाते ते कागदावर लिहावं. लागोपाठ चार-पाच तास खात्रीनं मिळत असतील तरच पुढं जावं. नाहीतर बॅटरी काढून घरात किंवा गावातल्या नातेवाइकाकडे नेता येईल अशी गाडी बघावी.

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा :

- स्वतःची गाडी घरच्या मीटरवर घरगुती दरानं चार्ज करता येते. वेगळी परवानगी लागत नाही.
- मोटारीच्या शेती कनेक्शनवर गाडी चार्ज करू नये. मंजूर कामाशिवाय दुसरीकडे वीज वापरणं विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतं आणि दंडाचं बिल येतं.
- सॉकेटला अर्थिंग असलंच पाहिजे. बारीक वायरचं लांब एक्स्टेन्शन वापरू नका.
- कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात, पेंढ्याच्या छपराखाली चार्जिंग करू नका. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्यावर उभ्या स्कूटरनं पेट घेतला होता. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर सरकारनं बॅटरीचे सुरक्षा नियम कडक केले. तरी आपली काळजी आपणच घ्यायची.
- पावसात भिजून आलेली गाडी लगेच लावू नका. चार्जिंगचं तोंड कोरडं झाल्यावरच लावा.

घरावर सौर पॅनल बसवायचं डोक्यात असेल, तर पीएम सूर्यघर योजनेत (२०२४) १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरलेलं आहे. रोजच्या नगर फेरीची वीज छोट्या पॅनलवरही निघते.

अनुदान आणि कर

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२४-२५ ला दुचाकीला किलोवॉट-तासामागे ५ हजार, जास्तीत जास्त १० हजार मिळत होते. पुढच्या वर्षी ते निम्म्यावर आलं. राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन करात माफी आहे. दुसऱ्या बाजूला, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे. म्हणजे किमतीतला फरक पूर्वीसारखा राहिला नाही. जुने आकडे ऐकून जाऊ नका. अनुदान वजा करून आज रस्त्यावर किती, हे कोटेशनवर लेखी घ्या.

विक्रेत्याला विचारायचे पाच प्रश्न

१. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, जे आधी होईल ते?
२. वॉरंटी संपल्यावर नवी बॅटरी आज कितीला पडते? (गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच.)
३. बॅटरी लिथियमची की लेड ॲसिडची? स्वस्त गाडीत लेड ॲसिड असते, ती जड आणि लवकर बसते.
४. सर्व्हिस सेंटर नगरमध्ये आहे का? पंक्चर गावात निघतं, कंट्रोलर बिघडला तर टेम्पोत घालून न्यावी लागते.
५. दोन वर्षं ही गाडी वापरणारा आपल्या भागातला गिऱ्हाईक कोण? त्याच्याकडे जाऊन विचारा.

"बायकापोरांची गाडी"?

इलेक्ट्रिक स्कूटरला असं हिणवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आवाज नाही म्हणजे दम नाही, असंही म्हणतात. पण घरातली मोटारसायकल गड्याबरोबर रानात गेली की बाईला दवाखाना, रेशन, मुलांची शाळा, बचत गटाची बँक यासाठी कुणाची तरी वाट बघावी लागते. गिअर नाही, किक नाही अशी गाडी तिला लवकर शिकता येते. या घराचा फायदा पेट्रोलच्या बचतीत मोजून चालणार नाही. ज्याच्या हातात आजवर गाडीच नव्हती, त्याचा दिवसातला वेळ किती वाचतो ते मोजावं लागेल.

चारचाकीशिवाय चालतं का?

आपल्या गावांत बहुतेक घरं चारचाकीशिवायच चालतात. तरी लग्न जमवताना "दारात गाडी आहे का" हे विचारलं जातं आणि त्यापायी कर्ज होतं. ५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं धरलं तर हप्ता महिन्याला सुमारे १०,६०० रुपये बसतो. विमा आणि इंधन वेगळं. गाडी मात्र महिन्यातले बरेच दिवस दारात उभी.

दुचाकीला जोड म्हणून एसटी आहेच. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली आणि पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई'ही १ जून २०२२ ला याच मार्गावर सुरू झाली. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. रात्री-अपरात्री आजारपण आलं तर १०८ ची रुग्णवाहिका, बाळंतिणीसाठी १०२, दोन्ही मोफत. लग्नकार्याला गावातली जीप भाड्यानं मिळते. या सगळ्याचा वर्षाचा खर्च एकदा लिहून काढा आणि बारा हप्त्यांशेजारी ठेवा. आकडा समोर आला की निर्णय घरात बसून, सगळ्यांना विचारून घेता येतो.