गाडी उडू नये म्हणून

जुहूची धावपट्टी मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना परिचयाची आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे आपले छोटेसे ‘पुस मॉथ’ विमान घेऊन येथेच उतरले. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या काळात याच धावपट्टीवर मोटारींच्या शर्यतीही होत असत. धावपट्टी एकच आणि समुद्रावरून येणारी हवाही तीच. पण त्या हवेकडून दोन्ही यंत्रांच्या अपेक्षा अगदी उलट! हवेने आपल्याला उचलावे अशी विमानाची गरज, तर तिने आपल्याला रस्त्यावर दाबून धरावे ही शर्यतीच्या मोटारीची. ही दुसरी गरज अभियंत्यांच्या लक्षात यायला बराच काळ लागला आणि त्याची किंमत काही चालकांना प्राणांनी मोजावी लागली.

फ्रान्समधील ल मां येथे १९२३ पासून चोवीस तासांची मोटार शर्यत भरते. तिच्यात धावणाऱ्या ‘प्रोटोटाइप’ गाड्या दुकानात मिळत नाहीत. त्या केवळ शर्यतीसाठीच घडवलेल्या असतात. दरवर्षी एखादी नवी गाडी प्रेक्षकांसमोर येते, तेव्हा तिच्या बाहेरील कवचाचे वळण बदललेले दिसते. हे बदल शोभेसाठी असतात असे पुष्कळांना वाटते. ते का होतात, हे इतिहासाच्या अंगाने पाहू या.

वेगाचा वर्ग

आधी थोडे गणित. समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, जाणारी लोकल घ्या. हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम धरली, तर १/२ × १.२ × २५ × २५ = ३७५ पास्कल दाब मिळतो. म्हणजे एका चौरस मीटरवर साधारण ३८ किलो वजन ठेवल्यासारखे. घाटकोपर ते मुलुंड प्रवासात खिडकीबाहेर हात काढण्याचा मोह होतो, तेव्हा जाणवतो तो हाच दाब. (हात बाहेर काढू नये, हे विद्यार्थ्यांना सांगायला विसरू नका!)

आता वेग चौपट, म्हणजे ताशी ३६० कि.मी. करा. दाब सोळापट होतो: ६००० पास्कल, चौरस मीटरला ६०० किलोंहून अधिक. गाडीचे सगळे वजन सुमारे टनभर आणि तिचा तळ काही चौरस मीटरांचा. एवढी हवा तळाखाली शिरली तर काय होईल, याची कल्पना यावरून येईल.

माशासारखी गाडी

सुरुवातीच्या अभियंत्यांपुढे प्रश्न एकच होता: हवेचा विरोध कमी कसा करायचा? ल मांच्या मार्गावर सुमारे सहा कि.मी.चा सरळ रस्ता होता. तेथे विरोध कमी झाला की वेग वाढणार, हे उघड होते. ब्रिस्टल विमान कंपनीत काम केलेले माल्कम सेयर यांनी जॅग्वारच्या ‘डी-टाइप’ गाडीला माशासारखे गुळगुळीत कवच दिले आणि चालकाच्या डोक्यामागे माशाच्या पाठीवर असावा तसा उभा पर बसवला. बाणाच्या शेपटीची पिसे जे काम करतात तेच या पराचे. गाडीचे तोंड आडवे वळू लागले की मागची हवा ती सरळ करते. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे डी-टाइपने ल मां जिंकली.

१९५५ ची शर्यत मात्र दुसऱ्याच कारणाने लक्षात राहिली. प्येर लवेग यांची मर्सिडीज पुढच्या गाडीवर आदळून प्रेक्षकांकडे उडाली. लवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. हा अपघात हवेमुळे झाला नव्हता. पण रस्ता सोडलेली गाडी काय करू शकते, हे जगाने पाहिले.

त्याच मर्सिडीज गाड्यांवर एक नवी युक्ती होती. ब्रेक लावताना चालकाच्या पाठीमागची एक मोठी फळी वर उचलली जाई आणि हवा अडवून वेग कमी करी. चालकांच्या लक्षात आले की फळी वर असताना मागची चाके रस्ता अधिक घट्ट धरतात. हवा केवळ शत्रू नाही, ती कामालाही लावता येते, हा धडा येथे होता. अमेरिकेतील जिम हॉल यांनी तो उचलला. १९६६ साली त्यांच्या ‘चॅपरल’ गाडीवर उंच खांबांवर बसवलेला, विमानाच्या उलटा पंख दिसला. सरळ रस्त्यावर चालक तो पायाने आडवा करी, वळणावर पुन्हा तिरका.

मेलेल्या चिलटांनी दिलेला धडा

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद गोष्ट पोर्शेच्या ‘९१७’ या गाडीची आहे. मार्च १९६९ मध्ये ती जिनीव्हात प्रथम दाखवली गेली. शक्ती प्रचंड, हवेचा विरोध कमी. पण अतिवेगात ती इतकी डगमगे की अनुभवी चालकही तिच्यात बसायला नाखूश असत. त्याच वर्षी ल मांच्या पहिल्याच फेरीत जॉन वूल्फ हे चालक ९१७ चालवताना मरण पावले.

ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियातील झेल्टवेग येथे चाचण्या झाल्या. तेथे जॉन हॉर्समन या अभियंत्याला एक साधी गोष्ट दिसली. गाडीच्या पुढच्या भागावर चिलटे आपटून मेलेली होती, पण शेपटीच्या टोकाला असलेल्या पट्ट्या मात्र स्वच्छ होत्या. याचा अर्थ काय? जी हवा चिलटे वाहून आणत होती, ती शेपटीच्या टोकापर्यंत पोहोचतच नव्हती. उतरत्या शेपटीवरून ती वरच्या वर निघून जात होती, आणि ज्या पट्ट्यांनी गाडी स्थिर करायची त्या हवेअभावी रिकाम्या होत्या. मग तेथल्या तेथे ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपटी उंच करण्यात आली. चालक फेऱ्या मारून आले ते समाधानाने. शेपटीमुळे हवेचा विरोध वाढला, कमाल वेग थोडा घटला. पण गाडी भरवशाची झाली. जून १९७० मध्ये अशाच आखूड शेपटीच्या ९१७ मधून हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड यांनी पोर्शेला ल मांचे पहिले विजेतेपद मिळवून दिले.

येथे वर्गातील एक गैरसमजही दूर करता येईल. पंखाच्या वरची वाट लांब असते आणि वरची व खालची हवा एकाच वेळी मागे पोहोचली पाहिजे, म्हणून वरची हवा वेगाने जाते, असे अनेकदा शिकवले जाते. दोन्ही हवांनी एकाच वेळी पोहोचावे असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधीच पोहोचते. पंख हवेला खाली वळवतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते, हा न्यूटनचा तिसरा नियम सांगणे अधिक योग्य. ९१७ ची शेपटी हवेला वर वळवते. म्हणून गाडी खाली दाबली जाते.

तळाखालची हवा

पुढची पायरी तळाची. तळाला योग्य आकार दिला तर त्याखालून हवा वेगाने जाते, तेथील दाब उतरतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. हे तत्त्व वापरणाऱ्या पोर्शे ‘९५६’ गाड्यांनी १९८२ मध्ये ल मांचे पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. पण या उपायात एक धोका दडलेला असतो. गाडीचे नाक काही अंशांनी जरी वर आले, तरी तोच तळ पंख बनतो. मग उचल वाढते, नाक आणखी वर येते, उचल आणखी वाढते. परिणामच कारणाला बळ देतो.

१९९९ मध्ये ल मां येथे मर्सिडीज ‘सीएलआर’ गाड्यांचे नेमके हेच झाले. मार्क वेबर यांची गाडी शर्यतीपूर्वीच दोनदा हवेत उलटली. तरीही उरलेल्या गाड्या शर्यतीत उतरवण्यात आल्या, आणि पीटर डम्ब्रेक यांची गाडी उडून कुंपणापलीकडे झाडांत पडली. सुदैवाने दोघेही वाचले. चिलटांचा पुरावा एकाने पाहिला आणि गाडी थांबवून बदलली. दोन उड्डाणांचा पुरावा सर्वांनी पाहिला आणि गाड्या पुन्हा धावल्या! विज्ञानाच्या शिक्षकाला या दोन घटना शेजारी ठेवून पुष्कळ सांगता येईल.

त्यानंतर नियम हळूहळू बदलले. २०११ पासून नव्या गाड्यांच्या पाठीवर मोठा उभा पर सक्तीचा झाला. २०१२ पासून चाकांवरील कवचाला भोके आली, म्हणजे तेथे साठलेली हवा निसटावी. तरी २०१२ मध्ये धडक बसल्यावर अँथनी डेव्हिडसन यांची टोयोटा हवेत उलटलीच आणि त्यांच्या मणक्यांना इजा झाली. उपायांनी धोका कमी होतो, शून्य होत नाही.

पंखाविना आणि पुन्हा पंखासह

अलीकडचे उदाहरण प्यूजोच्या ‘९एक्स८’ गाडीचे. जुलै २०२१ मध्ये ती जगापुढे आली तेव्हा तिला मागचा पंखच नव्हता. सगळा दाब तळाकडून मिळवायचा असा बेत होता. तेव्हाचे नियम एकूण दाबाला आणि विरोधाला मर्यादा घालत, पण तो दाब कोठून मिळवायचा हे सांगत नसत. म्हणून हा प्रयोग शक्य झाला. पुढची आणि मागची चाके एकाच रुंदीची असल्याने भारही दोन्हींवर जवळपास सारखा हवा होता. प्रतिस्पर्ध्यांनी मात्र पुढे अरुंद आणि मागे रुंद चाके वापरली आणि ती अधिक उपयुक्त ठरली. मग २०२४ मध्ये प्यूजोनेही चाके बदलली. चाके बदलली म्हणून भाराची वाटणी बदलली, आणि वाटणी बदलली म्हणून जवळजवळ सगळे कवच बदलून मागे पंख आला. एप्रिल २०२४ मध्ये इटलीतील इमोला येथे ही नवी गाडी प्रथम धावली.

पवईच्या आयआयटीतील विद्यार्थीही विजेवर चालणारी शर्यतीची गाडी बांधून इंग्लंडमधील स्पर्धेत नेतात. तेथेही सुमारे २२ कि.मी.ची सहनशक्तीची फेरी असते आणि प्रश्न तोच: पंख लावून वळणावर कमवायचे, की वजन आणि विरोध वाचवून सरळ रस्त्यावर?

आपल्या वर्गात याचे छोटे रूप सहज करता येईल. पुठ्ठ्याची गाडी करा. तिच्या पाठीवर शिवणाच्या दोऱ्याचे बोटभर तुकडे एका टोकाने चिकटवा आणि टेबलपंख्यासमोर ठेवा. उतरत्या शेपटीवरचे धागे कुठे सरळ राहतात आणि कुठे भिरभिरतात ते पाहा. मग पट्टी लावून शेपटी उचला आणि पुन्हा पाहा. गाडी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ठेवली तर काही ग्रॅमचा फरकही दिसेल. पंख्याचे अंतर आणि वेग मात्र तोच ठेवा. हॉर्समनना चिलटांनी जे दाखवले, ते आपल्या मुलांना दोरा दाखवील.