मुकी चित्रे आणि बोलका वाटाड्या

इ. स. १७८४ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमचा ग्रंथविक्रेता विल्यम हटन लंडनचे ब्रिटिश म्युझियम पाहावयास गेला. प्रवेशपत्रिका मिळणे तेव्हा सुलभ नव्हते. हटनने ती सुमारे दोन शिलिंग मोजून दुसऱ्याकडून विकत घेतली. दहाएक प्रेक्षकांचा घोळका घेऊन वाटाड्या दालनांमागून दालने ओलांडीत वेगाने निघाला. हटनने काही विचारताच, येथील सारेच आपण सांगत बसावे की काय, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. अर्ध्या तासात तो बाहेर पडला. अपार वैभव डोळ्यांपुढून सरकले. पदरात मात्र काहीच पडले नाही. आपली ही निराशा त्याने प्रवासवर्णनात नमूद करून ठेवली आहे.

पुढे, १० ऑगस्ट १७९३ रोजी, पॅरिसमध्ये लूव्हरचा राजवाडा संग्रहालय म्हणून जनतेस खुला झाला. राजांची चित्रे प्रजेची झाली. परंतु दार उघडणे निराळे आणि दृष्टी उघडणे निराळे. चित्रापुढे उभा राहणारा प्रत्येक जण ते पाहतोच असे नाही.

हे मर्म अमेरिकेतील बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी ओळखले. १९०७ सालापासून तेथे प्रेक्षकांसोबत हिंडून चित्रे उलगडून दाखविणारे मार्गदर्शक नेमले जाऊ लागले. त्यांना ‘डोसेंट’ हे नाव मिळाले. ‘शिकविणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ते आले आहे. गिलमन यांना प्रेक्षकांच्या देहकष्टांचीही जाणीव होती. काचेच्या कपाटांतील वस्तू नीट पाहण्यासाठी माणसाला किती वाकावे, किती ताटकळावे लागते, हे त्यांनी छायाचित्रांसह १९१६ साली दाखवून दिले. लंडननेही लॉर्ड सडली यांच्या आग्रहानंतर १९११ साली ब्रिटिश म्युझियममध्ये अधिकृत मार्गदर्शक नेमला. हटनच्या तक्रारीस उत्तर मिळावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली!

या मार्गदर्शकांच्या शिक्षणाचा एक भाग मोठा उद्बोधक आहे. प्रेक्षकांना नेण्यापूर्वी ते आपल्या सोबत्यांसह संग्रहालय पाहतात. एकाने बोलावे, इतरांनी प्रेक्षक होऊन ऐकावे व विचारावे. एकाची नजर रंगावर, दुसऱ्याची वस्त्रांच्या चुण्यांवर, तिसऱ्याची चित्रामागील कथेवर. अशा दिवसाअखेर प्रत्येकास कळून चुकते की, पाठ केलेली माहिती म्हणजे चित्र नव्हे. आणि बोलण्याइतकेच योग्य वेळी मौन धरणेही अगत्याचे आहे.

बडोदेकरांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. सयाजीराव महाराजांच्या संग्रहालयाची इमारत १८९४ साली पूर्ण झाली. चित्रशाळेचे बांधकाम १९१४ साली संपले. परंतु महायुद्धामुळे युरोपातून चित्रे येण्यास विलंब होऊन ती १९२१ साली उघडली. तेथे युरोपीय तैलचित्रे आणि मोगल लघुचित्रे एकाच छताखाली नांदतात. मुरलीधर ओळखण्यास आपल्याकडील शाळकरी मुलास कोणी सांगावे लागत नाही. परंतु युरोपीय चित्रांत हाती किल्ल्या धरलेला वृद्ध म्हणजे संत पीटर, हे सांगणारा कोणी जवळ हवा. युरोपीय पाहुण्याची अडचण नेमकी उलटी.

परक्याची कथा आपल्या भाषेत समजावून देणारा माणूस नसेल, तर उत्तम चित्रही भिंतीवरची शोभा होऊन राहते. म्हणून संग्रहालयाने चित्रांइतकीच अशा माणसांचीही जोपासना करावयास हवी.