'पारंपरिक' या शब्दामागचा माणूस

लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिकेवर गीतकार-संगीतकाराच्या जागी बहुधा एकच शब्द छापलेला असतो : 'पारंपरिक'. आपल्या कोळीगीतांच्या आणि लावण्यांच्या मुद्रिकांवर तो आहे, तसाच इंग्लंडमधल्या मुद्रिकांवरही आहे. तो वाचला की गाणे कुणाचेच नाही, असे आपण सहज धरून चालतो. एका इंग्लिश वाद्यवृंदाच्या निमित्ताने या शब्दामागे काय दडलेले असते याचा मी घेतलेला शोध इथे मांडतो आहे.

'स्टीलाय स्पॅन' हा वाद्यवृंद १९६९ साली ॲशली हचिंग्ज यांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्याआधी 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन'मध्ये असताना त्यांनी 'लीज अँड लीफ' या तबकडीत जुनी लोकगीते विजेच्या गिटारवर आणली होती. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधले गीतसंग्रह चाळणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. मी 'स्टीलाय स्पॅन'कडे वळलो तो मॅडी प्रायर यांच्या आवाजामुळे. पण या विचित्र नावाचा अर्थ शोधू लागलो आणि मागे मागे जात १९०५ सालच्या लिंकनशायरमध्ये जाऊन पोहोचलो.

'स्टीलाय स्पॅन' हे 'हॉर्कस्टो ग्रेंज' या लोकगीतातल्या एका पात्राचे नाव. त्याची आणि जॉन बोलिनची मारामारी हा त्या गीताचा विषय. वाद्यवृंदाला हे नाव सुचवले गायक मार्टिन कार्थी यांनी. आणि हे गीत संग्राहकापर्यंत पोहोचले ते जॉर्ज गोल्डथॉर्प नावाच्या सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या तोंडून. बॅरो-ऑन-हंबर हे त्याचे जन्मगाव. उतारवयात तो ब्रिग इथल्या अनाथ-निराधारांच्या आश्रयगृहात राहत होता. ज्याच्यापाशी स्वतःचे घर नव्हते, त्याच्या गाण्यातले एक नाव पुढे हजारो तबकड्यांवर झळकले.

गोल्डथॉर्पचे गाणे टिपून घेणारा पर्सी ग्रेंजर हा मूळचा ऑस्ट्रेलियातला तरुण पियानोवादक. १९०५ मध्ये ब्रिगच्या संगीतस्पर्धेत त्याने जोसेफ टेलर या वृद्धाला ऐकले. पुढच्याच वर्षी तो फोनोग्राफ घेऊन परतला आणि मेणाच्या नळकांड्यांवर खेडुतांचे आवाज मुद्रित करू लागला. यंत्राची गती कमी करून तो एकेक हरकत ऐके आणि लिहून काढी. तेव्हा त्याला दिसले की एकच गायक प्रत्येक कडव्यात चाल थोडी बदलतो. मात्रा कुठे वाढवतो, कुठे गिळतो. स्वर नेमक्या पट्टीत बसवत नाही. पूर्वीचे संग्राहक कानाने ऐकून एकच 'शुद्ध' चाल कागदावर उतरवत. ग्रेंजरने मात्र १९०८ साली फोक-साँग सोसायटीच्या नियतकालिकात हे सगळे बारकावे छापले. तेव्हा इतका तपशील हवाच कशाला, असे काही जाणकारांना वाटले. सेसिल शार्प यांनाही यंत्राविषयी शंका होत्या.

वाद वरवर यंत्राचा होता. खरा प्रश्न असा होता, की गाणे म्हणजे चाल, की ती गाणारा माणूस? चालच गाणे असेल तर गायक हे केवळ पोचवण्याचे साधन ठरते, आणि 'पारंपरिक' हा शब्द पुरेसा होतो. पण गायकाच्या हरकती हेच गाणे असेल, तर त्याचे नाव गाळणे म्हणजे गाण्याचा अर्धा भाग गाळणेच.

टेलरचा आवाज १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीनेही मुद्रित केला. १९१० साली तो वारला. ग्रेंजरची मुद्रणे 'अन्टू ब्रिग फेअर' या तबकडीवर १९७२ मध्ये पुन्हा उपलब्ध झाली, म्हणजे वाद्यवृंदांची लाट भरात असतानाच. या वाद्यवृंदांचे ऋण मी मानतो. त्यांनी नव्या श्रोत्यांचा कान तयार केला नसता, तर खरखरत्या नळकांड्यांमधला तो म्हातारा आवाज ऐकायला फारसे कोण फिरकले असते? मात्र ढोल आणि बेस गिटारच्या ठेक्यात बसवताना मात्रा सारख्या कराव्या लागतात, हेही खरे. शिवाय कायद्याने पारंपरिक गीताला मालक नसतो. मानधन मिळते ते नव्या संयोजनाला. 'हॉर्कस्टो ग्रेंज' स्वतः 'स्टीलाय स्पॅन'ने मुद्रित केले ते १९९८ साली, नाव घेतल्यानंतर सुमारे तीस वर्षांनी.

आपल्याकडे हाच प्रश्न जात्यावरच्या ओव्यांच्या संदर्भात उभा राहतो. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे. त्या संग्रहात ओवीशेजारी ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले असते. दळता दळता सुचलेली ओळ कोणत्या बाईची, हे एरवी कुणी विचारले नसते. 'पारंपरिक' या शब्दाला दिलेले हे सर्वांत साधे उत्तर मला वाटते. पुढे कुणी त्या ओव्यांना गिटारची साथ दिली तर ती जरूर द्यावी. तबकडीवर गाणारणीचे नाव मात्र असावे.