प्रस्फुरक द्रव्ये, विरल मृत्तिकायुक्त

प्रकाश किंवा जंबुपार प्रारण शोषून घेऊन त्याचा उगम बंद झाल्यावरही काही काळ स्वतः प्रकाश देत राहणाऱ्या द्रव्यांना प्रस्फुरक द्रव्ये म्हणतात, आणि मागाहून टिकणाऱ्या या प्रकाशास उत्तरदीप्ती असे म्हणतात. स्फटिकात यूरोपियम, डिस्प्रोसियम यांसारख्या विरल मृत्तिका मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश मुद्दाम मिसळून तयार केलेली प्रस्फुरक द्रव्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली व त्यांनी जुन्या द्रव्यांना बहुतेक क्षेत्रांतून मागे सारले.

अशा द्रव्याचा यूरोपातील पहिला प्रसिद्ध नमुना म्हणजे इटलीतील बोलोन्याचा दगड होय. तेथील व्हिन्चेन्झो काशारोलो या किमयागिरीचा नाद असलेल्या मोच्याने १६०३ च्या सुमारास बाराइट हे जड खनिज कोळशाबरोबर भाजले. सोने मिळाले नाही. पण उन्हात ठेवलेला तो दगड अंधारात निखाऱ्यासारखा दिसू लागला. भाजल्याने बेरियम सल्फाइड तयार झाले होते. १८६६ मध्ये तेऑदॉर सिदो यांनी जस्त सल्फाइडाचे प्रकाशमान स्फटिक तयार केले. तांब्याचा अंश असलेले जस्त सल्फाइड पुढे शतकभर या क्षेत्रातील प्रमुख द्रव्य राहिले.

जस्त सल्फाइडाचा प्रकाश मात्र रात्रभर टिकत नसे. यावर तोडगा म्हणून त्यात रेडियम मिसळण्यात येऊ लागले, म्हणजे बाहेरच्या प्रकाशाची गरजच उरत नसे. या सोयीची किंमत मोठी होती. अमेरिकेतील घड्याळांच्या तबकड्या रंगविणाऱ्या तरुण स्त्रिया कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करीत. रेडियम पोटात जाऊन हाडांत साठे. जबड्याचे हाड कुजणे, रक्तक्षय व कर्करोग यांनी त्यांपैकी अनेकींचा मृत्यू झाला. हॅरिसन मार्टलँड या न्यू जर्सीतील वैद्यकांनी १९२५ मध्ये या विकाराचा रेडियमाशी असलेला संबंध दाखवून दिला. रेडियमाचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. आल्फा कणांच्या माऱ्याने जस्त सल्फाइड मात्र काही वर्षांतच निकामी होते. तबकडी अंधारी झाली, तरी तिचा धोका कायम राही. नंतर वापरात आलेली प्रोमेथियम व ट्रिटियम तुलनेने सौम्य असली, तरी किरणोत्सर्गीच होती.

किरणोत्सर्गाविना रात्रभर प्रकाश देणारे द्रव्य खरे तर हाताशी होते. द्विसंयुजी यूरोपियम असलेले स्ट्राँशियम ॲल्युमिनेट हिरवा प्रकाश देते, हे पालिला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले; त्याचा मंद प्रकाश बराच वेळ रेंगाळतो, हेही त्यांना आढळले होते. परंतु दिवे व चित्रनलिका यांसाठी द्रव्ये शोधणाऱ्यांच्या दृष्टीने रेंगाळणारा प्रकाश हा दोषच असतो. त्यामुळे ही नोंद पंचवीस वर्षे जवळजवळ निरुपयोगी पडून राहिली.

जपानमधील नेमोतो ही कंपनी घड्याळांसाठी किरणोत्सर्गी दीप्तिमान रंग बनवीत असे. त्यांना पर्याय शोधताना तेथील संशोधकांनी १९९३ मध्ये याच ॲल्युमिनेटात यूरोपियमाच्या जोडीला डिस्प्रोसियम घातले. मात्सुझावा, आओकी, ताकेउची व मुरायामा यांच्या १९९६ च्या निबंधानुसार या द्रव्याचे तेज व उत्तरदीप्तीचा काळ ही दोन्ही जस्त सल्फाइडाच्या सुमारे दसपट भरली.

या जोडीत कामाची वाटणी आहे. प्रकाश देतो तो यूरोपियम. डिस्प्रोसियम स्वतः जवळजवळ प्रकाश देत नाही, ते साठवण करते. उत्तेजित झालेल्या इलेक्ट्रॉनांपैकी काही लगेच मूळ पातळीवर परततात, तर काही डिस्प्रोसियमामुळे निर्माण झालेल्या सापळ्यांत अडकतात आणि सभोवतालच्या उष्णतेने हळूहळू सुटून यूरोपियमाकडे येतात. सापळा उथळ असेल, तर तो काही मिनिटांत रिकामा होतो. फार खोल असेल, तर सामान्य तापमानास इलेक्ट्रॉन सुटतच नाहीत. १९९६ च्या निबंधात ही खोली सुमारे ०·६५ इलेक्ट्रॉन व्होल्ट दिली आहे. मात्र त्या निबंधात इलेक्ट्रॉनांऐवजी धन विवरे अडकतात असे मानले होते. २००५ मध्ये डोरेनबॉस यांनी त्यावर सबळ आक्षेप घेतले व वर दिलेले स्पष्टीकरण पुढे आले. द्रव्य यशस्वी झाले ते त्याचे कार्य नीट उमगण्यापूर्वीच.

तेज वाढविण्याचे उपाय बरेचसे भट्टीतील आहेत. यूरोपियम द्विसंयुजी राहावे म्हणून भाजणी नायट्रोजन-हायड्रोजन मिश्रणासारख्या क्षपणकारक वातावरणात सुमारे १,३००° से. तापमानास करतात. थोडे बोरिक अम्ल घातल्यास स्फटिक चांगले वाढतात व उत्तरदीप्तीही सुधारते. यूरोपियम प्रमाणाबाहेर वाढविल्यास मात्र शेजारच्या आयनांत ऊर्जा वाया जाऊन तेज घटते. भाजून झालेला गोळा फार बारीक दळला तरी तेच होते, त्यामुळे रंगासाठी हवी तेवढी बारीक पूड आणि भरपूर तेज यांचा मेळ बसविणे अवघड जाते. शिवाय ॲल्युमिनेटाचे पाण्याने विघटन होत असल्याने पाण्यातील रंगांसाठी कणांवर सिलिकेसारख्या पदार्थाचे आवरण द्यावे लागते.

उत्तरदीप्तीचा काळ मोजताना तेज ०·३२ मिलिकँडेला प्रति चौ.मी. इतके उतरेपर्यंतचा काळ धरण्याची प्रथा आहे. हे मूल्य अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या मर्यादेच्या सुमारे शंभरपट आहे. अंधारात डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असतो आणि स्ट्राँशियम ॲल्युमिनेटाचा प्रकाश ५२० नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्याच्या लौकिकात या योगायोगाचाही वाटा आहे. निओडिमियम असलेले कॅल्शियम ॲल्युमिनेट (सुमारे ४४० नॅनोमीटर) जांभळट निळा प्रकाश देते.

घड्याळांखेरीज या द्रव्यांचा महत्त्वाचा उपयोग इमारतींतील सुटकेच्या मार्गांवर होतो. न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्रात १९९३ साली झालेल्या स्फोटानंतर तेथील जिन्यांवर प्रकाश साठविणाऱ्या रंगाच्या खुणा करण्यात आल्या आणि २००१ मध्ये अनेकांना बाहेर पडताना त्यांची मदत झाली. २००४ च्या कायद्याने त्या शहरातील उंच कार्यालयीन इमारतींत अशा खुणा सक्तीच्या झाल्या. तांबडा प्रकाश देणारी प्रस्फुरके (उदा., यूरोपियम, मॅग्नेशियम व टिटॅनियमयुक्त यिट्रियम ऑक्सिसल्फाइड) हिरव्याच्या मानाने फारच मंद व अल्पजीवी आहेत, अंधारात डोळा तांबड्या रंगास जवळजवळ आंधळा असल्याने ही उणीव अधिकच जाणवते.