अग्निवीर भरती : मैदानाआधी लेखी परीक्षा

ब्रिटिशांनी १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा खुली व्हावी म्हणून बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आज भरती सर्वांना खुली आहे, पण २०२३ पासून क्रम बदलला आहे. आधी संगणकावर सामाईक प्रवेश परीक्षा, त्यात निवड झाली तरच मैदान. जळगाव-धुळ्यातील आपली मुले पहाटे जिद्दीने धावतात. पुस्तक मात्र जाहिरात आल्यावरच उघडतात, असे आम्हाला काम करताना दिसते.

परीक्षेचे स्वरूप (जनरल ड्युटी) : ५० प्रश्न, १०० गुण, एक तास. सामान्य ज्ञान, सामान्य विज्ञान व गणित प्रत्येकी १५ प्रश्न, तर्कशक्ती ५. बरोबर उत्तराला २ गुण, चुकल्यास अर्धा गुण वजा. चार उत्तरे चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. म्हणून अंदाजाने उत्तरे देऊ नका.

तयारी : ५० पैकी ३० प्रश्न गणित-विज्ञानाचे. आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तके आधी पक्की करा. विहारात गट करून घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवा.

अर्ज : जळगाव छत्रपती संभाजीनगरच्या, तर धुळे मुंबईच्या सैन्यभरती कार्यालयाकडे येते. जातीच्या दाखल्यावर धर्माची नोंद आहे का, हे आताच पाहा. नसल्यास तहसीलमधून धर्माचा दाखला काढून ठेवा.

सेवा चार वर्षांची असून त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. म्हणून भरती झाली तरी शिक्षण सोडू नका.