मागच्या एक्सेलचा आवाज: काळी-पिवळी जीप आणि कानाची विद्या

आज आवाजाबद्दल बोलू. गाण्याच्या नाही, गाडीच्या मागच्या एक्सेलच्या. इतिहासाच्या एपिसोडमध्ये हे काय, असं वाटेल. पण आपल्याकडच्या खेड्यापाड्यांचा बराच प्रवास याच एक्सेलवर झालाय.

यवतमाळ जिल्ह्यातला केळापूर तालुका घ्या. मुख्यालय पांढरकवडा. नागपूर–हैदराबाद महामार्ग इथून जातो; आधी त्याचा नंबर ७ होता, आता ४४. पाटणबोरी ओलांडून खाली गेलं की पैनगंगा, आणि पलीकडे आदिलाबाद. महामार्ग सोडून आत वळलं की काळी माती, नाले आणि चाकोऱ्या. दिवसातून एखाद-दोनदाच एसटी दिसणाऱ्या गावांना बाजार, दवाखाना, नवरात्रात केळापूरच्या जगदंबेचं दर्शन, सगळ्यासाठी आधार होता काळी-पिवळीचा. विदर्भात काळी-पिवळी म्हटलं की मुंबईची टॅक्सी नाही, सीटवर मावतील त्याहून जास्त माणसं घेऊन जाणारी जीप डोळ्यांसमोर येते.

ही जीप मुळात अमेरिकेतल्या विलिसची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. विलिसने १९५३ मध्ये 'सीजे-३बी' हे मॉडेल आणलं. अमेरिकेत त्याचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं, आपल्याकडे मात्र पुढे कितीतरी वर्षं त्याच घराण्याच्या गाड्या बनत राहिल्या. पुढे डिझेल इंजिनं आली, बॉडी लांब झाली. पण मागचा गाभा तोच राहिला: पाट्यांवर बसवलेलं जाड हौसिंग, मध्ये डिफरन्शियल, दोन्ही बाजूंना एक्सेल शाफ्ट.

आता थोडं मागे जाऊ. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा लागते. ती म्हणजे डिफरन्शियल. १८२० च्या दशकाच्या अखेरीस पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. पुढे मोटारी आल्या, पण सुरुवातीच्या सरळ दात्यांच्या गिअरचा इतका गोंगाट असायचा, की त्यात बिघाडाचा आवाज वेगळा काढणं अवघडच. मग तिरके, वळलेले दाते आले. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड गिअर आणले आणि १९२६ च्या सुमारास पॅकार्डने ते मोटारीत बसवले. यात दाते एकमेकांवर आपटण्याऐवजी घसरत जुळतात, म्हणून आवाज कमी. पण घासणं वाढलं, त्यामुळे खास तेल लागतं. गॅरेजमधलं 'नव्वद नंबरचं ऑइल' ते हेच. त्याच्या जागी भलतंच ऑइल भरलं तर दाते खरवडून निघतात.

माझा आजचा मुद्दा इथे आहे. एक्सेल शांत झाला, तेव्हाच त्याचा आवाज ही बातमी झाली. आणि आपल्याकडे तोच एक्सेल दशकानुदशकं चालला, म्हणून मिस्त्रींच्या कानांना ती बातमी वाचायला पुरेसा वेळ मिळाला.

ती वाचायची कशी? सॉफ्टवेअरमध्ये आम्ही बग शोधताना जे करतो तेच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रिकामा, सरळ रस्ता घ्यायचा आणि ऐकायचं.

पहिली परीक्षा रस्त्याची. डांबरावरून सिमेंटवर गेल्यावर आवाज बदलला, तर आधी टायर बघा. एक्सेलच्या आवाजाला रस्ता कोणता याच्याशी देणंघेणं नसतं.

दुसरी पायाची. ॲक्सिलरेटर दाबल्यावर 'घूंऽऽ' येतो आणि पाय सोडला की जातो, तर संशय क्राऊन-पिनियनच्या जुळणीवर. उलट, पाय सोडल्यावरच येतो, तर पिनियनचं बेअरिंग किंवा नट ढिला असू शकतो. पाय काहीही करो, आवाज फक्त वेगाबरोबर वाढतो, तर चाकाच्या बेअरिंगकडे बघा.

तिसरी वळणाची. गाडी डावीकडे वळवली की भार उजवीकडे जातो; तेव्हा गुरगुर वाढली तर उजव्या चाकाचं बेअरिंग. आणि सरळ चालताना सगळं गप्प, पण वळतानाच खरखर? मग डिफरन्शियलच्या आतले छोटे स्टार पिनियन. सरळ रस्त्यावर ते एकमेकांवर जवळपास फिरतच नाहीत, म्हणून तेव्हा गप्प बसतात.

चौथी, 'टक्'. गिअर टाकून क्लच सोडताना एकच टोला बसला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असू शकतो, पाट्यांचे यू-बोल्ट ढिले असू शकतात, किंवा दात्यांमधला प्ले वाढलेला असू शकतो.

आता गणित बघा, मला स्वतःला हे फार आवडतं. सीजे-३बीच्या क्राऊनला ४३ दाते, पिनियनला ८. म्हणजे चाक एकदा फिरतं तेव्हा पिनियन ५.३८ वेळा फिरतो. त्या जीपच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ५ वेळा फिरतं. क्राऊनचा एक दाता तुटला असेल तर सेकंदाला ५ ठोके, पिनियनचा तुटला असेल तर सुमारे २७. पहिले मोजता येतात, दुसऱ्यांची सलग थरथर होते. आणि सगळे दाते मिळून सेकंदाला सुमारे २१५ वेळा जुळतात. तोच तो 'घूंऽऽ'. कागदपेन्सिल न घेता मिस्त्री कानाने हाच हिशेब करायचा.

हा हिशेब चुकला तर? पहिला फटका खिशाला. बिघाड बेअरिंगचा आणि बदलला क्राऊन-पिनियनचा अख्खा सेट, म्हणजे काळी-पिवळीवाल्याची कमाई गेली, आणि आवाज तिथेच. दुसरा फटका जिवाला. या जीपचा मागचा एक्सेल शाफ्ट नुसतं चाक फिरवत नाही, गाडीचा भारही पेलतो. बेअरिंग जाम होऊन तो तुटला, तर ड्रमसकट चाक बाहेर येऊ शकतं. मागे माणसं खचाखच भरलेली असताना याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

त्यात आपला पावसाळा. चालून तापलेला एक्सेल नाल्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर समजा पाणी शिरलं. आवाज यायच्या आधीची ही खूण.

एक सावधगिरी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, आणि मागचं एकच चाक उचलून गाडी गिअरमध्ये चालवून बघू नका. जमिनीवरचं चाक ताकद घेऊन गाडी जॅकवरून उडी मारू शकते.

मग ही विद्या कुठे गेली? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ताकद पुढच्या चाकांना, डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात. हळूहळू बहुतेक छोट्या गाड्या तशाच झाल्या. ट्रक, पिकअप, बोलेरो यांच्या मागे तो एक्सेल आजही आहे, पण आता बरेचदा आवाज न ऐकताच 'पूर्ण असेंब्ली बदला' असं उत्तर मिळतं.

आणि गंमत म्हणजे, कानाची गरज परत येतेय. ईव्हीमध्ये इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे गिअरची बारीक शीळ पुन्हा ऐकू येते. १९६६ पासून पुण्यात असलेल्या एआरएआयमध्ये गाड्यांचा आवाज आणि कंपनं मोजायला खास प्रयोगशाळा आहे. तिथे मायक्रोफोन आणि सेन्सर जे करतात, त्याची गावठी आवृत्ती म्हणजे हौसिंगला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावणारा मिस्त्री. फरक इतकाच, की प्रयोगशाळेतलं ज्ञान फाइलमध्ये राहतं, मिस्त्रीचं त्याच्याबरोबर जातं.

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या गावात असा जुना मिस्त्री असेल, तर पुढच्या वेळी गाडी त्याच्याकडे आली की फोनवर आवाज रेकॉर्ड करा. गाडी कोणती, वेग किती, पाय दाबलेला की सोडलेला, सरळ की वळणावर, एवढं बोलून ठेवा. गाडी खोलल्यावर आत काय निघालं, तेही त्याच रेकॉर्डिंगला जोडा. आवाज आणि निदान सोबत असेल, तरच तो पुढच्याला शिकवतो. नाहीतर ती नुसती घरघर.